तळणीचं दीड इंची भिंग

मूर्तिजापूर स्टेशनच्या मालधक्क्यामागे एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. दिवेलागणीच्या आधी त्यातला एक जण ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो आणि डोकं वर-खाली करत माझ्याकडे रोखून बघतो. त्याच्या माथ्यावर बारीक पांढरे ठिपके असतात, कुणी राळे सांडावेत तसे. मी साठ पावलांवर उभा असतो. गळ्यात दोन दुर्बिणी, मनगटावर घड्याळ, खिशात वही. उजेड उतरत जातो तसे ते ठिपके आधी मळकट होतात, मग एकमेकांत मिसळतात आणि एका क्षणी सगळं डोकं एकाच रंगाचं होऊन जातं. ज्या दुर्बिणीतून ठिपके जास्त वेळ सुटे दिसतात, ती चांगली दुर्बीण. काचेचा कस लावायची याहून खरी रीत मला सापडलेली नाही.

चाळीस वर्षं मी या गावात चष्म्याचं दुकान चालवलं. भिंगांशी माझं नातं पोटाचं, आणि दुर्बिणींशी जिवाचं. रस्त्यानं जाणारी पोरं थांबतात आणि प्रत्येक जण एकच विचारतो, "काका, याच्यातून किती लांबचं दिसते?" मी सांगतो, चंद्र नुसत्या डोळ्यांनीही दिसतो आणि तो ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. लांबचं दिसण्यासाठी दुर्बीण लागतच नाही. दुर्बीण लागते ती दिसलेलं ओळखण्यासाठी. हा फरक आमच्या वऱ्हाडाच्या मातीत एकदा फार मोठ्या रीतीनं सिद्ध झाला होता, आणि ते आमच्याकडे जवळजवळ कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे लिहितो आहे.

दुर्बीण हा शब्द फारसी, म्हणजे दूरचं बघणारी. वऱ्हाडात ती फौजांबरोबर आली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजा इंग्रजांशी लढल्या. इंग्रजी कागदांत या गावाला आरगाव म्हटलं आहे. दिवसभर चालून थकलेलं सैन्य मुक्कामाला थांबवून जनरल वेलस्ली वाटेतल्या एका गावाच्या बुरुजावर चढला आणि तिथून त्याला लांबवर माणसांचा गर्दा दिसला. मग मुक्काम राहिला बाजूला, लढाई दुपार कलल्यावर जुंपली आणि पाठलाग चांदण्यात चालला. पंधरवड्यानं, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. त्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्यांची आवडती दुर्बीण म्हणजे लंडनच्या डॉलंडची, पितळी नळ्यांची, एका डोळ्याची. तिचं मोठेपण लांबीत नव्हतं, जोडभिंगात होतं. एकट्या भिंगातून पांढऱ्या वस्तूच्या कडेला निळी-तांबडी किनार दिसते. जाड नंबराचा चष्मा लावणाऱ्यानं काचेच्या कडेतून ट्यूबलाइटकडे तिरपं बघावं, लगेच कळेल. जॉन डॉलंडनं १७५८ साली दोन जातींच्या काचा एकावर एक बसवून ही किनार मारण्याचं पेटंट घेतलं. आजही मी कुठलीही नवी दुर्बीण हातात आली की आधी विजेच्या तारेवर रोखतो. पांढुरक्या आभाळावर काळी तार. तिच्या वरच्या कडेला जांभळं आणि खालच्या कडेला हिरवट दिसलं, तर पुढचं फारसं तपासावं लागत नाही.

आता तळणी.

तळणी हे धामणगाव आणि पुलगावच्या मधलं लहानसं स्टेशन. मूर्तिजापूरहून नागपूरच्या अंगाला शंभरेक किलोमीटर. पॅसेंजरखेरीज तिथं कोण थांबणार? मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जानेवारी होता. फलाटापलीकडे तुरीची कापणी चालली होती, पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस लोंबत होता आणि आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. शतकाआधीच्या एका जानेवारीत याच आभाळासाठी माणसं इंग्लंडहून बोटीनं आली होती.

शनिवार, २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात आला, पुलगाव-नागपूरकडून पुढे गंगाकाठी बक्सरकडे गेला. मुंबईत तेव्हा प्लेग होता, तरी मोहिमा आल्याच. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर उतरला. (लॉकियरनं १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे हौसेनं सांगतात. तेव्हा तो इंग्लंडात होता आणि ग्रहणावाचूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासत होता. किल्ल्यावर तो आला तो या १८९८ च्या ग्रहणाला.) जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नेगमवाला होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही. पुलगावला न्यूऑल आणि हिल्स. आणि तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी. ही हौशी लोकांची संस्था. तिच्यात वॉल्टर माँडर होते, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या, थ्वेट्स होते आणि जॉन एव्हरशेड होता. हाच एव्हरशेड पुढे कोडाईकनालला आला आणि १९०९ साली सूर्याच्या डागांतल्या वायूच्या प्रवाहांचा त्यानं लावलेला शोध आज त्याच्या नावानं ओळखला जातो.

मला सांगायचंय ते ॲनीबाईंबद्दल. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. १८९१ पासून ग्रिनिचच्या वेधशाळेत आकडेमोड आणि सूर्याचे फोटो घेण्याचं काम करत होत्या. १८९५ साली लग्न झालं आणि लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरी करता येत नाही म्हणून त्यांना ती सोडावी लागली. तळणीला आल्या तेव्हा त्यांच्या हातात वेधशाळेचं कोणतंही यंत्र नव्हतं. होता तो एक लहान कॅमेरा. डालमायर कंपनीचं भिंग, दीड इंच रुंद, केंद्रांतर ९ इंच.

जेऊरला त्याच वेळी लिकचा कॅमेरा उभा होता तो ४० फूट लांबीचा. ५ इंची भिंग आणि चाळीस फुटांवर काचेची पाटी. त्या पाटीवर सूर्याची प्रतिमा ४ इंचांहून मोठी पडते. ॲनीबाईंच्या ९ इंची कॅमेऱ्यात सूर्य पडतो जेमतेम २ मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. पोरांच्या प्रश्नानं मोजलं तर स्पर्धाच नाही.

पण काचेचा हिशेब निराळा असतो. तो मी आमच्या गिऱ्हाइकांना पाण्याच्या दाखल्यानं सांगायचो. बादलीभर पाणी अंगणभर ओतलं तर फरशी नुसती ओली होते, तेच पाणी वाटीत ओतलं तर वाटी भरून वाहते. ४० फुटी कॅमेरा ५ इंची भिंगातला उजेड मोठ्या अंगणावर पसरतो. ९ इंची कॅमेरा दीड इंचातला उजेड वाटीत भरतो. केंद्रांतराला भिंगाच्या रुंदीनं भागलं तर एकीकडे ९६ येतात, दुसरीकडे ६. पसरट वस्तूच्या बाबतीत पाटीवरच्या एका ठिपक्याला मिळणारा उजेड या आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात जातो, म्हणजे छोट्या कॅमेऱ्यातली प्रतिमा अडीचशे पटींहून जास्त उजळ. सूर्याच्या अगदी कडेची ठळक प्रभा (करोना) बारकाव्यानं बघायची तर चाळीस फूट हवेतच, आणि लिकच्या लोकांनी ती तशी टिपलीही. पण प्रभेच्या ज्या झिरमिळ्या दूरवर जात विरतात, त्या इतक्या फिकट असतात की अंगणभर पसरल्या की नाहीशाच होतात.

खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आतबाहेर होती. तेवढ्यात ॲनीबाईंनी पाट्या बदलल्या. त्या धुतल्यावर एका पाटीवर प्रभेचा एक किरण दिसला, सूर्याच्या व्यासाच्या सहापट लांब गेलेला. तोवर जगात कुणीही, कुठल्याही यंत्रानं, इतका लांब किरण फोटोत धरला नव्हता. पाटीवर त्याची लांबी मोजली तर दीड सेंटिमीटरही भरत नसेल. आमच्या तळणीच्या शिवारात, पऱ्हाटीच्या वावराशेजारी, नोकरी गेलेल्या एका बाईनं दीड इंची काचेनं ते करून दाखवलं. त्या फलाटावर मी उभा राहिलो तेव्हा माझे हात जोडले गेले. स्टेशनवर याची एक पाटी असायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

त्याच सुमाराला दोन डोळ्यांची दुर्बीण बदलत होती. तोवर साहेब लोक शिकारीला आणि शर्यतीला जी दुर्बीण वापरत ती गॅलिलिओच्या पद्धतीची, समोर फुगीर भिंग, डोळ्याशी खोलगट. तिला तीन-चार पटींच्या पुढे नेलं की दिसणारा भाग चिमटीएवढा होतो. लांब नळी लोलकांमध्ये दुमडण्याची युक्ती इटलीच्या इग्नात्सिओ पोरोनं १८५४ साली काढली होती, पण तिला हवी तशी स्वच्छ काच मिळेना. ती जर्मनीत येना इथं तयार झाली आणि एर्न्स्ट ॲबच्या देखरेखीखाली झाइसनं १८९४ साली लोलकांची दुर्बीण बाजारात आणली. खांदे असलेला तिचा आकार आज चित्रातल्या दुर्बिणीलाही असतो.

अशी एक दुर्बीण आमच्या घरी आली ती दुरुस्तीला. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पलटणीतून परतलेल्या एका गृहस्थानं आणलेली ती ६×३० ची, म्हणजे सहा पटींची आणि ३० मिलिमीटर रुंद भिंगाची, दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रज सैन्याचा बाणाचा शिक्का असलेली. काळा रंग पितळेपर्यंत उडालेला. मी अकरा वर्षांचा होतो. बाबांनी धुतलेल्या धोतराचा तुकडा पसरला, डोळ्यात भिंग बसवलं आणि एकेक पेच काढून कपबशीत ठेवला. आत लोलकांवर बुरशीची जाळी पसरली होती, खिडकीवर दव गोठल्यासारखी, मधूनमधून फांद्या फुटलेली. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसली आणि मला मोजायला लावलं, उजेडाला किती वेळा काचेत शिरावं आणि काचेतून बाहेर पडावं लागतं. पुढच्या जोडभिंगाच्या दोन बाजू, दोन लोलकांच्या चार, डोळ्याकडच्या भिंगांच्या चार. एकूण दहा. मी म्हटलं, पण मोठं तर दिसतं ना? ते म्हणाले, "मोठं त पाण्याचा थेंबही दाखवते. साफ दाखवते का, थे पाह्य."

त्या दहाचा अर्थ मला दुकानात बसायला लागल्यावर कळला. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड मागे फिरतो. दहा वेळा ४ टक्के गेले की उरतो दोन-तृतीयांश. बरं, जो मागे फिरतो तो गुपचूप जात नाही. तो आतल्या आत आपटत राहतो आणि चित्रावर दुधाळ पडदा धरतो. यावरचा उपाय झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलानं १९३५ साली काढला. काचेवर निर्वात पेटीत अतिशय पातळ थर चढवायचा, उजेडाच्या लहरीच्या पाव भागाएवढा. म्हणजे थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. जर्मनीनं ते काही वर्षं लष्करी गुपित म्हणून जपलं. आज चष्म्याच्या दुकानात "ॲन्टिग्लेअर टाकू का?" म्हणून विचारतात ते हेच. आमच्या ६×३० वर तो थर नव्हता. ते गृहस्थ दुर्बीण न्यायला परत आलेच नाहीत. वर्षभरानं बाबांनी त्यांच्या घरी पैसे पोचते केले आणि ती आमची झाली.

जोडताना एक लोलक केसभर हलला होता. पहिल्या रात्री मी गच्चीवर जाऊन पाहिलं तर आभाळात दोन चंद्र, एकावर एक किंचित सरकलेले. मला तो चमत्कार वाटला, मी आईला हाक मारली. बाबांनी बघून काही न बोलता दुर्बीण खाली नेली आणि रात्री दीडपर्यंत बसून लोलक सरळ केला. दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी बघत नसल्या की डोळे ओढून-ओढून दोन चित्रं एक करतात आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. "दुर्बीण लावली की डोकं दुखते" म्हणणारी शेकडो माणसं मला भेटली. त्यांचे डोळे चांगलेच होते, दुर्बीण तिरळी होती.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला. गावोगाव दुर्बिणींची हवा होती. मी मुंबईला गेलो आणि एका दुकानातून लाल काचेची मोठी थोरली दुर्बीण घेऊन आलो. अंगावर ३०×६० लिहिलेलं. दुकानदारानं तांबड्या भिंगांकडे बोट दाखवून रात्रीसुद्धा दिसतं म्हणून सांगितलं होतं. तो लाल थर समोरचा लाल उजेड परत फेकतो, म्हणूनच भिंग लाल दिसतं. आत जातो तो लाल वजा झालेला उजेड. पळसाची फुलं तिच्यातून तपकिरी दिसत. घरी मोजपट्टी लावली तर पुढच्या भिंगाआड आतून एक कडं बसवलेलं होतं, ६० मिलिमीटरमधले तिशीच्या आतले उघडे. वाढ भरली १० पट. तीन महिन्यांची शिल्लक त्यात गेली होती. धूमकेतू मी पाहिला तो जुन्या ६×३० मधूनच, पहाटे, गावाबाहेर उमा नदीच्या बाजूला, कापसाच्या पेळूसारखा.

तेव्हापासून मी दुर्बिणी तोलायला लागलो. मिळेल त्याची मागून आणायची, दुसरीशेजारी धरायची, वहीत लिहायचं. आमच्या स्टेशनवर तेव्हा यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला होती, नॅरोगेजची. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेलं. १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल आलं. तोवर ते इंजिन माझं तपासणीचं ठिकाण होतं. ते पाणी भरायला उभं राहिलं की मी पुलावरून त्याच्यावरच्या आकड्यांवर दुर्बीण लावायचो. आकडा चित्राच्या मधोमध आणायचा, मग हळूहळू कडेला न्यायचा. बहुतेक दुर्बिणींत तो कडेला विरघळायचा. अमरावतीच्या एका डॉक्टरांकडून येनाची ८×३० जेनॉप्टेम आठवडाभर आणली होती, तिच्यात तो बराच बाहेरपर्यंत धारदार राहिला. परत देताना जीव तुटला.

त्या पुलावर उन्हाळ्यात एक गोष्ट कायमची कळली. आमचा हा खारपाणपट्टा पाटासारखा सपाट, काळ्या मातीचा. मार्चनंतर सकाळी नऊ वाजले की जमीन तापून हवा लहरायला लागते. त्या लहरी दुर्बीण वस्तूइतक्याच मोठ्या करून दाखवते. वीस पटींच्या दुर्बिणीतून समोरचा सिग्नल पाण्यातल्या काठीसारखा हलतो, सात-आठ पटींमधून त्याचा रंग ओळखू येतो. ज्यांना वऱ्हाडात दुर्बीण घ्यायचीय त्यांना मी इतकंच सांगत आलो, आठच्या पुढे जाऊ नका.

१९८८ मध्ये रशियन ७×५० घेतली. लोखंडासारखी जड आणि तशीच भक्कम. काचेत पिवळी झाक, इतकी की बगळा सायीच्या रंगाचा दिसे. दोन वर्षांनी जपानी ८×४० ऑलिंपस आली. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगात पाहिलं की उजेडाचा एक गोल ठिपका दिसतो. पुढच्या भिंगाच्या रुंदीला पटीनं भागलं की त्या ठिपक्याचा व्यास मिळतो. ८×४० चा ५ मिलिमीटर, ७×५० चा ७ मिलिमीटर. लोलकाची काच हलकी असेल तर ठिपक्याचे चार कान कापल्यासारखे दिसतात, चौकटीत बसवल्यासारखा. मोठा ठिपका म्हणजे जास्त उजेड, म्हणून तिन्हीसांजेला ७×५० पुढे जायला हवी होती. माझ्या वहीत ती ८×४० च्या बरोबरीनंच थांबायची. मी दोष पिवळ्या काचेला दिला आणि ती कपाटात ठेवली.

आणि मग रानपिंगळ्याची बातमी आली. हा पक्षी १८७२ साली ब्लेविट नावाच्या गृहस्थाला मिळाला, पुढच्या वर्षी पक्षितज्ज्ञ ह्यूमनं त्याचं वर्णन छापलं. १८८४ साली डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेल्या नमुन्यानंतर तो दिसलाच नाही. मधे १९१४ सालचा गुजरातेतला म्हणून एक नमुना होता, पण तो माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उकलली, खोटं ठिकाण वगळलं, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांना, बेन किंग यांना आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. पुढे तो आपल्या मेळघाटातही असल्याचं सिद्ध झालं.

साध्या पिंगळ्यात आणि त्याच्यात फरक काय? याच्या माथ्यावर ठिपके असतात, त्याच्या माथ्यावर जवळजवळ नसतात. त्याच्या शेपटीचे पट्टे जाड, पोट स्वच्छ पांढरं. बास. म्हणजे जी गोष्ट मी रोज मालधक्क्यामागे मोजत होतो तिच्यावरच सगळं येऊन ठेपलं.

पहिल्यांदा मेळघाटात गेलो तेव्हा बाबा नुकतेच गेले होते, म्हणून त्यांची ६×३० घेतली. सकाळी सागाच्या वाळक्या फांदीवर पिंगळा दिसला, पाठीमागे लख्ख आभाळ. माथा कोरा! माझ्या छातीत धडधडायला लागलं. सोबतच्या कोरकू वाटाड्यानं नुसत्या डोळ्यांनी बघून मान हलवली, तो नाही म्हणाला. मी ऐकेना. आमच्यातल्या एका मुलाकडे नवी ८×४० होती, त्यानं ती माझ्या हातात दिली. ठिपके होते. सगळेच्या सगळे. थर नसलेल्या दहा पृष्ठभागांनी पाठीमागचा उजेड पसरवून त्या पक्ष्याचं डोकं पुसून टाकलं होतं. वाईट काचेतून प्रत्येक पिंगळा रानपिंगळा असतो. त्या दिवशी मी एकटा असतो तर गावात येऊन खोटी नोंद सांगितली असती, आणि ती खरी मानूनच सांगितली असती.

खरा दिसला तो चौथ्या खेपेला. त्याच वाटाड्यानं आवाजावरून आधी ओळखला. फांदीवर ऊन खात बसला होता, शेपटी डाव्या-उजव्या बाजूला झटकत. ऑलिंपसमधून माथा पाहिला, मग डोळे पुसून परत पाहिला. भुवया पांढऱ्या, माथा राखाडी-तपकिरी, कोरा. दोघांनी आळीपाळीनं दुर्बीण घेतली. तो माणूस हसला आणि म्हणाला, पोटपण बघा. पोट दुधासारखं होतं.

आता बाजारात काही हजारांत बऱ्या काचा मिळतात. सरळ नळ्यांच्या दुर्बिणींत उजेडाच्या लहरी लोलकाच्या धारेवर दुभंगून परत जुळताना मागेपुढे होतात आणि चित्र मऊ पडतं. ते सावरणारा थर झाइसनं १९८८ मध्ये आणला तेव्हा तो श्रीमंतांपुरता होता, आज साध्या दुर्बिणींवरही असतो. माझी ८×४२ तशीच. शेजारची सातवीतली मुलगी ती घेऊन गच्चीवर चढते आणि शिक्रा घारीपेक्षा वेगळा कसा ते मला समजावून सांगते.

यंदा २२ जानेवारीला, तळणीच्या दिवशी, तिला मालधक्क्यामागे नेलं. सूर्य ६ वाजून ५ मिनिटांनी बुडाला. बाबांच्या ६×३० मधून मला ठिपके ६.१९ पर्यंत दिसले. ८×४२ मधून ६.३१. दोन्हींचा उजेडाचा ठिपका पाचच मिलिमीटरचा, फरक बहुतेक थरांचा आणि थोडा पटीचा. वहीत लिहून मी निघायला लागलो. कपाटातली रशियन ७×५० मी तिला गळ्यात घालायला दिली होती, नुसती हौस म्हणून. ती जागची हलली नाही.

"आबाजी, मले त अजून दिसून राह्यले."

मी ती माझ्या डोळ्यांना लावली. अंधार आणि एक गोळा. परत तिला दिली. तिनं बोटानं हवेत मोजलं, कपाळाच्या वर तीन, मग दोन. तेव्हा लक्षात आलं. अंधारात तिची बाहुली सात मिलिमीटर उघडते, त्या दुर्बिणीचा सगळा ठिपका ती पिते. माझी अडुसष्टाव्या वर्षी पाचही उघडत नसेल. चष्मेवाल्यानं हे सगळ्यात आधी ओळखायला हवं होतं, मी पस्तीस वर्षं त्या काचेला नावं ठेवत आलो.

पिंगळा उडाला तेव्हा तिनं माझं घड्याळ बघून वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ७×५०, ६.३८, उडाला म्हणून थांबलो.